उडालेली अवतरणचिन्हं

१

चोरी झाली होती, आणि चोरीला गेलेला माल इतका बारीक, की चिमटीतसुद्धा सापडला नसता. दागिने नाहीत, पैसे नाहीत. अवतरणचिन्हं! दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उचललं, की त्याच्या दोन्ही कानांशी जी जोडी लटकवतात ना, ती. ऐकणारा हसेलच. पण मावशीच्या दिवाणावर बसून भाची हमसून हमसून रडत होती, आणि तिच्या मांडीवर तिचा काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध उघडा पडला होता.

"मी चिन्हं घातली होती गं मावशी. तुझी शपथ, घातली होती!"

मावशीने पाण्याचा पेला पुढे केला आणि चष्मा लावला. ती एका संशोधन-मासिकाची संपादक. आलेल्या लेखांतली उचलेगिरी हुडकण्यात तिचा उभा जन्म गेलेला. लोक लेख वरून वाचायला घेतात, ही खालून घ्यायची. आधी तळटीपा, मग मजकूर. "घर कसं आहे ते मोरीवरून कळतं," असं तिचं म्हणणं. म्हणून सगळे तिला तळटीपबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा.

"पहिल्यापासून सांग. रडायला आयुष्य पडलंय."

भाचीने सांगितलं ते असं. तिचा विषय बायकांचे शिव्याशाप. त्यावरचं गाजलेलं पुस्तक एकच, 'शापाची घार', आणि ते ज्यांच्या नावावर आहे ते सरच तिचे मार्गदर्शक. बाईचा शाप म्हणजे घार, या त्यांच्या सिद्धांतावर परिषदा भरत. पोरं त्यांना घारसर म्हणत. भाचीने त्या पुस्तकातली वाक्यं प्रबंधात घेतली होती, रीतसर चिन्हांत, खाली तळटीप आणि पान क्रमांक देऊन. बांधून आलेल्या प्रतीत चिन्हं गायब, तळटीपा गायब! सरांची वाक्यं तिचीच असल्यासारखी तिच्या मजकुरात मिसळून बसली होती. आणि सरांनी स्वतः वाङ्मयचौर्याची तक्रार ठोकली होती. शुक्रवारी चौकशी समिती बसणार होती. दोषी ठरली तर पदवी गेली, विभागातली नोकरी गेली, आणि 'चोर' हा शिक्का जन्माचा.

"तुझ्याकडे मूळ फाईल असेल ना?"

"आहे. पण सर म्हणतात, तक्रार झाल्यावर चिन्हं घातलीस."

"आणि छापील प्रतीवर सही करताना वाचलं नाहीस?"

"वाचून वाचून डोळे गेले होते गं. बांधणी बघितली, नाव बघितलं, सही ठोकली."

"शाबास," मावशी म्हणाली. "फाईल कुणाकुणाच्या हातून गेली?"

"सरांनी शेवटचं प्रकरण तेवढं वाचलं, बाकी नुसतं चाळलं आणि होकार दिला. मग घन्यवाद मॅडमकडे, शुद्धलेखनाला. त्यांच्याकडून चमच्याने टायपिंगवाल्याकडे पोचवली."

"कुठल्या मॅडम?"

रडता रडता भाचीला हसू फुटलं. "अगं, त्या प्रत्येक कागदाखाली 'धन्यवाद' लिहितात, पण वाचताना 'घन्यवाद' दिसतं. पोरांनी नाव पाडलंय. पण चांगल्या आहेत हं. विभागात मला धीर देणाऱ्या त्या एकट्याच. आणि चमचा म्हणजे सरांचा चमचा. माझ्याबरोबरचाच, त्याच नोकरीवर डोळा ठेवून बसलेला."

मावशी पानं उलटत होती. तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. ही पोर तिच्या मांडीवर वाढलेली. "ज्याने कुणी हे केलंय ना, त्याची खोड मी अशी मोडीन, की पुन्हा पेन धरताना दहादा विचार केला पाहिजे."

मग तिचं बोट थबकलं. तिने मागची पानं पाहिली, पुढची पाहिली. इतर लेखकांच्या वाक्यांची चिन्हं जिथल्या तिथे होती, तळटीपांसकट.

"अगं," ती हळू आवाजात म्हणाली, "चोर सगळ्या गल्लीत फिरला नाही. एकाच घरात शिरलाय."

२

टायपिंगवाल्याच्या दुकानात तापलेल्या प्लास्टिकचा वास भरला होता. एका कोपऱ्यात बांधणीचं यंत्र, दुसऱ्यात कागदांचा ढीग, आणि मधे तो, मानेवर घाम, नजर पडद्यावर.

"बाई, मी मजकूर वाचतच नाही," मावशीने तोंड उघडायच्या आत त्याने हात झाडले. "वाचायला लागलो तर वेड लागेल. मागे एका साहेबांचं 'प्रस्तवना' होतं, मी भाबडेपणाने 'प्रस्तावना' केलं. तर मलाच झापलं, तुला कुणी सांगितलं शहाणपण म्हणून. तेव्हापासून कानाला खडा. आलं तसं छापायचं."

"मग आलेली फाईल दाखवा."

त्याने ती उघडून दाखवली. छापल्यासारखीच होती, म्हणजे चिन्हं नसलेली. सरांची वाक्यं उघडीबोडकी.

"बघा! माझ्याकडे आली तेव्हाच भादरलेली होती. त्या पोराने पेन ड्राइव्ह आणून दिला. तोच तो, सारखं 'सर म्हणतात, सर म्हणतात' करतो."

"त्याने तुमच्यासमोर उघडली होती का?"

टायपिंगवाला घुटमळला. मग मानेवरचा घाम पुसत म्हणाला, "उघडली होती. माझ्याच मशिनवर. म्हणाला, एक मिनिट काहीतरी बघायचंय. पाठ करून बसला होता, मला दिसलं नाही काय करतोय ते."

३

चमचा कँटीनमध्ये सापडला. चहा पुढ्यात, मोबाइल हातात, आणि चेहऱ्यावर नोकरी मिळाल्यासारखा तुकतुकीतपणा. मावशी समोर बसली तसा तो पटकन उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला.

"फाईल कशाला उघडलीस?"

"मी? मी कशाला..." त्याने घोट घेतला, जीभ भाजली. "आभाराचं पान बघायला. माझं नाव आहे का ते."

"होतं?"

"नव्हतं," तो इतक्या खऱ्या दुःखाने म्हणाला, की मावशीला क्षणभर त्याची कीव आली. क्षणभरच.

"आणि रागाच्या भरात चिन्हं उडवलीस."

"नाही हो! एवढं एका मिनिटात होतं का? प्रत्येक वाक्य शोधायचं, खालची तळटीप पुसायची... शिवाय सर तिच्यावर आधीच भडकले होते. मला काही करायची गरजच नव्हती." बोलून गेल्यावर त्याने ओठ चावला.

"का भडकले होते?"

चमच्याने इकडेतिकडे पाहिलं. "शेवटच्या प्रकरणात तिने शहाणपणा केलाय. सरांचं ते प्रसिद्ध वाक्य आहे ना? 'बाईचा शाप म्हणजे घार. ती मौनात लागते आणि एकदाच चालते.' ही म्हणते, घारीला 'लागते' हे क्रियापद बसत नाही. घार लागेल कशी? अहो, ज्या वाक्यावर परिषदा झाल्या, त्यात ही व्याकरण काढते! सर म्हणाले, उचलली जीभ लावली टाळ्याला."

वाक्य त्याने श्लोक म्हणावा तसं डोळे मिटून म्हटलं होतं. मावशीने सवयीने प्रबंध उघडला. कुणी काही उद्धृत केलं की पानाशी ताडून बघायचं, हा तिचा धर्म. तिने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते वाक्य प्रबंधात आणखी जिथे जिथे आलं होतं, तिथेही पाहिलं.

प्रत्येक ठिकाणी छापलं होतं, 'बाईचा शाप म्हणजे धार.'

घार उडून गेली होती.

४

चूक म्हणावी तर एकदा होते. सगळीकडे नेमकी तीच होत नाही. आणि गंमत अशी, की भाचीने स्वतःच्या शब्दांत जिथे घारीवर चर्चा केली होती, तिथे घार ठणठणीत होती. बदललं होतं फक्त उद्धृत वाक्य. मावशीने रस्ताभर यावर डोकं खाजवलं, आणि सरांच्या दारावर टकटक केली. खरं सांगायचं तर चोर सरच निघावेत, अशी तिची फार इच्छा होती. स्वतःच चिन्हं काढायची आणि स्वतःच ओरडायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!

खोलीत मानपत्रं, शाली पांघरलेले फोटो, आणि टेबलावर कागद दाबून बसलेली पितळी घार.

"या, तळटीपबाई. तुमच्या भाचीबद्दल मला वाईट वाटतं. मुलीसारखी होती."

"होती," मावशी म्हणाली. "तक्रार बघू?"

सरांनी कागद सरकवला. प्रबंधातल्या उचललेल्या वाक्यांच्या झेरॉक्स एकाखाली एक चिकटवल्या होत्या, आणि खाली ठसठशीत सही: वरील सर्व वाक्ये अक्षरशः माझी आहेत.

"अक्षरशः?"

"काना-मात्रेसकट. माझं वाक्य मी झोपेतही ओळखेन."

चिकटवलेल्या वाक्यांत मधोमध बसलं होतं: बाईचा शाप म्हणजे धार. सरांनी ते कापलं होतं, चिकटवलं होतं, त्याखाली सही केली होती, आणि त्यांच्या डोळ्यांना काही दिसलं नव्हतं. मावशीने कागद तसाच परत सरकवला. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात, ते ती डोळ्यांनी बघत होती.

"सर, एक अडाणी प्रश्न. घार मौनात लागते, म्हणजे काय?"

सर खुर्चीत मागे रेलले. हे भाषण त्यांनी खूपदा केलं असावं. "घार आकाशात तरंगते. पंख हलत नाहीत. तिला समाधी लागते! आणि 'चालते' म्हणजे चाल करून येते. दुसऱ्या आवृत्तीत मी यावर अख्खं प्रकरण वाढवलं."

"हो. त्या प्रकरणातली वाक्यंही भाचीने घेतलीत. पण ती तुमच्या तक्रारीत नाहीत."

"कारण त्यांना तिने चिन्हं दिलीयत! प्रस्तावनेतल्या वाक्यांनाही दिलीयत. तिथे साव, इथे चोर."

म्हणजे चोराने त्या एका घरातसुद्धा सगळं नेलं नव्हतं. निवडून नेलं होतं. सरांना पोरीला बुडवायचं असतं, तर त्यांनी अर्धं घर कशाला सोडलं असतं? आणि आपली जगप्रसिद्ध घार स्वतःच्या हाताने मारून तिची धार कशाला केली असती? मावशीच्या मनातला लाडका आरोपी असा डोळ्यांदेखत निसटला. तिला चुटपुट लागली.

सरांनी सही करून पुस्तकाची एक प्रत तिला भेट दिली. तिने सवयीने ती मागून उघडली. तळटीपा, मग संदर्भ, आणि सगळ्यांत शेवटी आभार. त्यातली शेवटची ओळ होती: 'शुद्धलेखनातील मोलाच्या मदतीबद्दल माझ्या सहाध्यायिनीचे आभार.'

"ही सहाध्यायिनी कोण, सर?"

"हां, ती." सरांनी भिंतीकडे मान उडवली. "इथे पलीकडच्याच खोलीत बसतात. अजूनही शुद्धलेखनच तपासतात."

५

घन्यवाद मॅडमच्या खोलीत मानपत्र नव्हतं. खिडकीत एक कुंडी, टेबलावर लाल शाईची पेनं आणि कुणाचातरी प्रबंध. भिंतीपलीकडून सरांचं फोनवरचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं.

मावशी बसली. "मॅडम, मी तुम्हाला एका चोराची गोष्ट सांगते. चुकलं तर थांबवा."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"चोर फार निवडक. बाकीच्या लेखकांना त्याने हात लावला नाही. सरांच्या पुस्तकातलीही प्रस्तावना सोडली, घारीच्या समाधीचं पाल्हाळ सोडलं. म्हणजे त्या पुस्तकातलं कुठलं वाक्य सरांचं आणि कुठलं नाही, हे चोराला ठाऊक होतं. बरं, हे सरांनाही ठाऊक असणार. पण सर घारीची धार करणार नाहीत. ज्याला त्या जागी पहिल्यापासून धारच दिसत होती, तोच करेल. धार मौनात लागते, धार एकदाच चालते. सरळ आहे. वाक्य लिहिणाऱ्याला त्यासाठी समाधी लावावी लागत नाही."

मॅडमनी पुढ्यातला प्रबंध मिटला.

"आणि तुमचा 'धन्यवाद' पोरांना 'घन्यवाद' दिसतो," मावशी म्हणाली. "तसाच तो पूर्वीही कुणालातरी दिसला असेल."

"आई आजारी पडली म्हणून मी घरी गेले," मॅडम एकदम बोलायला लागल्या. आवाज कोरडा होता. "हस्तलिखित त्याच्याकडे दिलं, वाचून ठेव म्हणून. एकच प्रत. परत आले तर पुस्तक बाजारात. आभारात मी, शुद्धलेखनापुरती! उघडून बघते तर घार. हसू आलं हो मला. वाटलं, कुणीतरी विचारेलच, घार लागते कशी? कुणी विचारलं नाही. परिषद भरवली! तेव्हापासून या भिंतीतून मी घार ऐकतेय. रोज."

"ओरडला का नाहीत?"

"पुरावा काय? हस्तलिखित त्याच्याकडे. माझ्याकडे नुसती पाठ झालेली वाक्यं. मग तुमच्या भाचीचा प्रबंध आला. माझी वाक्यं, आणि त्यांच्या कानाशी त्याच्या नावाची कुंपणं. आणि शेवटच्या प्रकरणात या पोरीने पहिल्यांदा विचारलं होतं, घार लागेल कशी? माझ्या अंगावर काटा आला. माझ्या वाक्यांची मी कुंपणं काढली. त्याची त्याला ठेवली. मला माहीत होतं, तो बोंब मारणार. सही करणार, की अक्षर न् अक्षर माझं आहे. धारेसकट."

"छान!" मावशी उसळली. "काट्याने काटा काढलात. फक्त तो काटा माझी भाची होती. ज्या एकुलत्या एका पोरीने तुमच्या बाजूचा प्रश्न विचारला, तिचंच नरडं धरलंत. तिच्या खांद्यावर बंदूक ठेवलीत, आणि वर तिला धीर देत होतात!"

"तो सही करेल, मग मी उठून सांगेन, असं ठरवलं होतं."

"त्याने केली सही. उठलात?"

पलीकडे सर पुन्हा हसले. मॅडमची बोटं टोपणाभोवती आवळली गेली. "नाही उठले. भीती वाटली."

"धार लावत बसलात सगळा जन्म. चालवायची वेळ आली तर हात लटपटले." मावशी उभी राहिली. राग होता, पण आता तो एकाच माणसावर मावेना. "शुक्रवारी चिन्हं कुणी काढली ते तुम्ही समितीपुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नोकरी गेली तर गेली."

"जाईलच. आणि त्याचं काय?"

"त्याचं माझ्यावर सोडा. मी सांगेन तेव्हा फळ्यावर ते वाक्य लिहायचं. नेहमीच्या अक्षरात. त्या दिवसापुरतं अक्षर सुधारलंत, तर सगळं मुसळ केरात."

६

समिती म्हणजे डीन आणि दोन प्राध्यापक. डीनसाहेबांना प्रकरण जेवणाआधी मिटवायचं होतं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. एका बाजूला सर, मागे साक्षीला चमचा. दुसऱ्या बाजूला भाची, ओठ पांढरे पडलेली, आणि तिची बाजू मांडायला मावशी. भिंतीशी मॅडम.

"सर," मावशी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या तक्रारीतलं मधलं वाक्य जरा मोठ्याने वाचता?"

सरांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बाईचा शाप म्हणजे घार, ती मौनात..."

"कागदावर बघून."

सरांनी पाहिलं, आणि त्यांचा आवाज अडखळला. "धार. टायपिंगची चूक आहे."

"प्रत्येक ठिकाणी? आणि खाली तुमची सही आहे, अक्षरशः माझं म्हणून. काना-मात्रेसकट म्हणाला होतात. तर कुठलं तुमचं? घार तुमची असेल, तर कागदावरचं वाक्य तुमचं नाही आणि तक्रार खोटी. धार तुमची असेल, तर इतकी वर्षं आकाशात काय फिरवत होतात?"

इकडे आड, तिकडे विहीर. सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. तेवढ्यात मॅडम उठल्या.

"चिन्हं मी काढली," त्या म्हणाल्या. "तळटीपाही मीच. या मुलीला काहीच माहीत नव्हतं. तिच्या फाईलमध्ये सगळं रीतसर होतं."

भाचीने मान वळवून मॅडमकडे पाहिलं. तिला मावशीने मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर सुटकेआधी जे उमटलं, ते बघून मॅडमनी नजर खाली वळवली.

सरांना मात्र जीव आला. "ऐका! मत्सर आहे हा, दुसरं काही नाही! आयुष्यात एक पान छापून आलं नाही यांचं!"

"मॅडम, फळा," मावशी म्हणाली.

मॅडमनी खडू घेतला. अक्षरं लिहिली आणि त्यावरून, एकदाही हात न उचलता, सरळ शिरोरेषा ओढली.

"डीनसाहेब, काय लिहिलंय?"

"बाईचा शाप म्हणजे घार," डीन कंटाळून म्हणाले.

दोन्ही प्राध्यापकांनी माना डोलावल्या. "घार." मागून चमच्यानेही उत्साहाने दुजोरा दिला, "घारच!"

"मॅडम, तुम्ही काय लिहिलंत?"

"धार. मी नेहमीच धार लिहिली."

आणि सर फुटले. इतकी वर्षं चारचौघांत त्यांना 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणणारा माणूस ताडकन उठून ओरडला, "तुझं अक्षर तेव्हाही असंच घाणेरडं होतं! माणसाने त्यात काय डोंबल वाचायचं?"

शब्द तोंडातून गेले ते गेलेच. चमच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

डीनसाहेबांनी पेन खाली ठेवलं. जेवण ते विसरले होते. "तेव्हा म्हणजे केव्हा, सर?"

सर खाली बसले. "म्हणजे... चर्चा व्हायच्या आमच्या. मी नंतर सगळं माझ्या शब्दांत मांडलं..."

"कुठल्या शब्दांत?" मावशीचा गोडवा संपला होता. "दुसऱ्याचे शब्द घेतले तर खुणा करायच्या, विचार घेतला तर नाव द्यायचं, आणि दोन्ही घेतलं तर निदान दुसऱ्याला चोर म्हणताना लाज धरायची! त्या अख्ख्या वाक्यात तुमचं स्वतःचं म्हणावं असं एकच अक्षर आहे, सर. आणि ते चुकलंय."

मॅडम अजून फळ्याशीच उभ्या होत्या. त्यांनी वळून बोट टेकवलं आणि 'ध'च्या डोक्यावरची शिरोरेषा पुसून टाकली. एवढीशी फट पडली, आणि घारीची धार झाली. त्यांनी हातावरची खडूची भुकटी झटकली आणि सरांकडे बघून म्हणाल्या, "एवढंच शुद्धलेखन राहिलं होतं."

७

विद्यापीठाने पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं आणि सरांचं मार्गदर्शकपद काढून घेतलं. पितळी घार कोण घेऊन गेलं कळलं नाही. पोरं म्हणतात, ती उडाली. चमचा नव्या विभागप्रमुखांच्या मागे 'मॅडम म्हणतात, मॅडम म्हणतात' करत फिरू लागला. घन्यवाद मॅडमची नोकरी गेली. त्यांनी दाद मागितली नाही. भिंतीपलीकडे कुणी नसलेल्या घरात बसून त्या आता आपलं पुस्तक पुन्हा लिहितात, असं ऐकलं.

नवी प्रत छपाईला जायच्या आधी भाची ती घेऊन मावशीकडे आली. या वेळी दोघींनी ओळ न् ओळ वाचली. चिन्हं परत आपापल्या जागी बसली होती. तळटीपेत मॅडमचं नाव होतं, पुढे 'मूळ हस्तलिखित', आणि त्याखाली: सरांच्या पुस्तकात चुकीच्या वाचनासह छापलेले.

मावशी आभाराच्या पानावर आली. "मॅडम इथे नाहीत."

"नाहीत. फास लावला होता माझ्या गळ्याला, आणि वर पाठीवरून हात फिरवत होत्या. आभार कसले मानू? वाक्य त्यांचं आहे, ते त्यांच्या नावावर केलं. तेवढंच मी त्यांना देणं लागते."

मावशीने पान सरळ केलं. ती पुढे वाचू लागली, आणि शेवटच्या ओळीवर तिच्या भुवया वर गेल्या. 'शुद्धलेखनातील मोलाच्या मदतीबद्दल माझ्या माजी मार्गदर्शकांचे आभार.'

मावशी इतकी हसली, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग तिने तो पुन्हा लावला आणि पानावर बोट ठेवलं.

"एक चूक आहे."

"कुठे?" भाची दचकली.

"'शुद्धलेखनातील मोलाच्या मदतीबद्दल.' हे शब्द तुझे नाहीत. त्यांच्या पुस्तकातले आहेत, आभाराच्या पानावरचे. आणि हे मात्र त्यांनी स्वतः लिहिलंय हो. ज्याचं त्याला द्यावं."

भाचीने पेन घेतलं. त्या शब्दांच्या दोन्ही कानांशी तिने चिन्हांची जोडी लटकवली, वर बारीक आकडा टाकला, आणि पानाच्या तळाशी सरांचं पूर्ण नाव, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहिला.